भाऊबंद

आमचे नेदरलँड्समधले घरमालक कुठल्याही अनोळखी इमारतीत शिरण्याआधी दारापाशी थांबत आणि घंटांच्या बटणांशेजारची नावं वाचून काढत. खालपासून वरपर्यंत, एकही न गाळता. दातांच्या डॉक्टरकडे जायचं असो की कुणाला आजारपणात भेटायला, नावं वाचून झाल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. आपलं आडनाव त्यात नाही अशी खात्री पटली की स्वतःशीच ‘नाही’ म्हणत आणि मग घंटा वाजवत. चर्चच्या आवारात गेले तर थडगी वाचत. टेलिफोनची नवी डिरेक्टरी आली की आधी ‘के’चं पान उघडत, तिथे गावात आपलं एकट्याचंच नाव आहे हे पाहत आणि मिटून ठेवत.

अशी माणसं आपल्याकडे घरोघरी असतात. नुसतं आडनाव सांगून त्यांचं भागत नाही. ‘म्हणजे कुठले? कोणापैकी?’ हे पुढे येतंच. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाच्या चार पिढ्या मठ्ठा वाढून होईपर्यंत बाहेर काढणारे माझे एक काका होते. त्यांना चुकवायला मी लग्नात शेवटच्या पंगतीला बसत असे आणि गार भात खात असे. असल्या चौकशांपासून कायमची सुटका व्हावी, हे परदेशी जाण्याच्या माझ्या अनेक क्षुल्लक कारणांपैकी एक होतं. आणि मी थेट येऊन पडलो तो रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये, मिस्टर केन यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर.

त्याचं असं झालं. माझं आडनाव काणे. रोमन लिपीत ते के-ए-एन-ई असं लिहितात, आणि ते वाचून इंग्रजी बोलणारा माणूस ‘केन’ म्हणतो. केन हे आयर्लंडमधलं जुनं, नामांकित आडनाव आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात अमेरिकन क्लायंट फोनवर मला ‘केन’ म्हणत आणि मी ‘येस, केन हिअर’ म्हणत असे, एवढंच मला माहीत होतं. पगार ज्या नावाने येतो ते आपलं नाव, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं.

दोन हजार पाचच्या सुमाराला कंपनीने मला इकडे पाठवलं. डच सरकारने मला परवाना दिला तो ‘ज्ञानी स्थलांतरित’ या सदरात. मला ज्ञानी म्हणणारं हे पहिलंच सरकार, आणि अजून तरी शेवटचं. पण ज्ञानी माणसाला घर मिळेना. इंटरनेटवर एक जाहिरात पाहून मी ईमेल पाठवला आणि खाली ‘एस. केन’ असं वाचलं जाईल अशी सही केली. तासाभरात उत्तर आलं. सुरुवात होती, ‘डियर कझिन’. मला वाटलं, डच लोकांची ही पद्धत असेल. क्लायंट ज्या शब्दांत लिहील त्याच शब्दांत आपण उत्तर द्यावं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी उत्तर लिहिलं, ‘डियर कझिन’. पुढचा प्रश्न आला, ‘तुम्ही कुठले केन?’ हा प्रश्न माझ्या पाठोपाठ इथवर आलेला पाहून मला हबकायला झालं, पण मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मूळचे समुद्रकिनाऱ्याकडचे, काही पिढ्यांपूर्वी आतल्या भागात येऊन स्थायिक झालो.’ कोकणातून पुण्याला, असं मला म्हणायचं होतं. उत्तर आलं, ‘मला वाटलंच. घर तुमचं.’ भाड्याचा, डिपॉझिटचा विषयच निघाला नाही.

मेट्रो स्टेशनावर ते पुठ्ठ्यावर आमचं आडनाव लिहून उभे होते. उंच, लालसर चेहऱ्याचे, साठी केव्हाच ओलांडलेले गृहस्थ. आम्ही दोघं, मी आणि माझी बायको अनघा, चार बॅगा आणि कुकर घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिलो, तर ते आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत राहिले. फलाट रिकामा झाला तेव्हा मी म्हणालो, ‘मीच केन.’ त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘किनाऱ्याकडचे?’ मी म्हटलं, ‘किनाऱ्याकडचे.’ त्यांनी पुठ्ठा घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि आमची सगळ्यात जड बॅग उचलली. ‘चला, चहा गार होतोय,’ म्हणाले. त्या दिवसापासून अनघा त्यांना ‘तुझे भाऊबंद’ म्हणायला लागली. सुरुवातीला टोमणा म्हणून, पुढे सवयीने, आणि आणखी पुढे त्यातला ‘तुझे’ गळून गेला.

भाऊबंद आयर्लंडच्या उत्तरेकडच्या डेरी परगण्यातले. तरुणपणी रॉटरडॅम बंदरात गाळ काढणाऱ्या बोटींवर कामाला आले, एका डच बाईशी लग्न केलं आणि राहिले. बायको वारली होती. एकुलती एक मुलगी, मोरा, लग्न होऊन न्यूझीलंडला होती. घराला दार एक आणि दारावर पाटीही एकच. दुसरी पाटी लावावी का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, ‘कशाला? नाव तर तेच आहे.’ मला बोलवायचं असलं की झाडूच्या दांड्याने छत ठोकत आणि ‘कझिन!’ अशी हाक मारत. माझं पहिलं नाव श्रीनिवास. ते त्यांनी एकदा ऐकलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि आदराने बाजूला ठेवून दिलं.

त्यांचं मोठं दुःख म्हणजे डच लोक. डच माणूस ही चार अक्षरं वाचतो तो ‘काने’ अशी. नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्टमध्ये, बँकेत, दुकानात, सगळीकडे ‘मेनेर काने’, म्हणजे मिस्टर काने. भाऊबंद अर्धं आयुष्य त्यांना ‘केन’ शिकवत आले होते आणि एकही डच माणूस शिकला नव्हता. मी आलो, आणि पहिल्याच आठवड्यात खेमेन्टमधल्या बाईंनी मला ‘काने’ म्हणून हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा एका गोऱ्या माणसाने माझं आडनाव जवळजवळ बरोबर उच्चारलं होतं. ‘ण’ तेवढा राहिला. माझा चेहरा उजळलेला पाहून शेजारी उभे असलेले भाऊबंद म्हणाले, ‘मी यांच्या बंदराचा गाळ उपसला, यांच्यातली बायको केली, कर भरला. आणि हे उच्चार मात्र तुझा बरोबर करतात.’

यातून घोटाळे व्हायचे. आमचा डॉक्टरही एकच होता. तिथल्या मुलीने ‘मेनेर काने’ अशी हाक मारली की आम्ही दोघंही उठायचो. एकदा मीच आत गेलो. डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये बघत मला म्हणाला, लोणी बंद, व्हिस्की बंद, जिना सावकाश चढायचा, हृदय आता थकलंय. मी तेहतीस वर्षांचा, सर्दी झाली म्हणून गेलेला. पण डॉक्टरला मध्येच अडवायचं कसं, या आपल्या संस्कारामुळे मी सगळ्याला मान डोलावली आणि थँक यू म्हणून बाहेर आलो. भाऊबंदांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तू हो म्हणालास ना? मग तू पाळ.’ आणि संध्याकाळी व्हिस्की घेऊन बसले.

नावाचा इतिहास ते हप्त्याहप्त्याने सांगत. मूळ नाव ओ कहान. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. कहान हा मूळपुरुष आणि ‘कह’ म्हणजे लढाई. म्हणजे आम्ही लढवय्यांचे वंशज, असं सांगताना त्यांची मान ताठ होई. मग इंग्रज आले. त्यांच्या कारकुनांना हे उच्चार झेपेनात, म्हणून त्यांनी पुढचा ‘ओ’ उडवला, मधला ‘ह’ खाल्ला आणि राहिलं ते केन. मी म्हटलं, आमचंही तेच. काण्यांना रोमन अक्षरांत बसवलं ते साहेबानेच. हे ऐकून भाऊबंद एकदम खूश झाले. म्हणाले, ‘मग नातं आहेच की. आपल्या दोघांना एकाच कारकुनाने बिघडवलंय.’

मग त्यांनी विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय? मी विषय बदलायला बघत होतो, पण अनघा तिथेच होती. ती म्हणाली, ‘काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. यांच्या घराण्यात कुणीतरी तिरळं होतं.’ भाऊबंदांनी माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाले, ‘लढाईत गेला असेल.’ माझ्या पूर्वजाचा डोळा लढाईत गेला, हे त्या दिवशी ठरलं. आमच्या घराण्यात आजवर सर्वांत मोठी लढाई झाली ती नळाच्या पाण्यावरून.

माझी खरी चूक पुढची. आमच्यात एक दंतकथा सांगतात, की आमचे मूळपुरुष समुद्रातून वाहत येऊन कोकणच्या किनाऱ्याला लागले. ही मी त्यांना बोलण्याच्या भरात सांगितली. भाऊबंद खुर्चीतून उठले. नकाशा आणला. डेरीच्या किनाऱ्यापासून आफ्रिकेला वळसा घालून बोट कोकणापर्यंत त्यांनी आणून सोडली. ‘वाटेत वारा असेल,’ म्हणाले. त्यानंतर चर्चमध्ये, भाजीच्या दुकानात, बसच्या थांब्यावर ते माझी ओळख ‘केन घराण्याची बुडालेल्या जहाजाची शाखा’ अशी करून द्यायला लागले. लोक माझ्या काळ्यासावळ्या चेहऱ्याकडे बघत आणि डच सभ्यतेने म्हणत, ‘अच्छा, अच्छा.’

ऑफिसात मला टीम लीड केलं, तेव्हा तर कमालच झाली. मी खाली बागेत पेढ्यांचा डबा घेऊन गेलो. भाऊबंदांनी बातमी ऐकली, मला गवतावर उभं केलं, ‘हलू नकोस’ म्हणाले आणि पायातला जोडा काढून माझ्या दिशेने भिरकावला. तो माझ्या डोक्यावरून जाऊन कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या टोमॅटोत पडला. वर खिडकीत उभ्या असलेल्या अनघाला वाटलं, भाऊबंदकी सुरू झाली. ती लाटणं हातात घेऊनच खाली धावत आली. मग त्यांनी समजावलं, की त्यांच्या मुलखात नवा राजा गादीवर बसायचा तेव्हा केन घराण्याच्या प्रमुखाने त्याच्या डोक्यावरून जोडा टाकायचा, असा मान होता. तो जोडा पडल्याशिवाय राजा हा राजाच नव्हे. सहा माणसांच्या टीमवर, आणि त्यातली दोन सुट्टीवर असताना, माझा राज्याभिषेक असा झाला. शेजाऱ्याकडून जोडा मागून आणायला अर्थातच राजाला जावं लागलं.

एका रविवारी ते मला बायकोच्या थडग्यावर घेऊन गेले. गवत काढता काढता त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या गावी माणूस गेला की शवपेटी उचलायची ती त्याच्याच आडनावाच्या चौघांनी. मग पुढे वाटेत कुणीही खांदा द्यावा, पण पहिलं उचलणं नावाच्या माणसांचं. इथे कंपनीची माणसं येतात, करड्या कोटातली. बायकोच्या वेळी आली होती. माणसं चांगली होती, फक्त त्यातल्या एकाने पेटी उचलण्याआधी विचारलं, नावाचा उच्चार कसा करायचा? ‘मला माझ्या माणसांनी उचलावं,’ भाऊबंद म्हणाले. ‘दुसरं काही नको.’

‘डेरीला कुणी नाही का?’ मी विचारलं.

‘होते ते अमेरिकेला गेले, नाहीतर जमिनीखाली गेले.’

‘मग आहेत किती?’

‘तुला धरून एक. मला स्वतःला धरता येत नाही.’

मी म्हटलं, ‘मी आहे ना.’ आपल्याकडे कुणी मरणाच्या गोष्टी काढल्या की आपण हो हो म्हणून विषय संपवतो, तसं म्हटलं. त्यांनी ते तसं घेतलं नाही. उठून उभे राहिले, हाताची माती झटकली आणि माझा हात हातात घेऊन घट्ट दाबला. माझी उंची पाच फूट चार इंच, घरातला गॅसचा सिलिंडर मी कधी एकट्याने उचललेला नाही, आणि हा सहा फुटी माणूस माझ्या भरवशावर निर्धास्त झाला होता. दारांवरची नावं वाचत हिंडण्यामागचं कारणही मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून तो आमच्या घरात रोजचा विषय झाला. मी त्यांना इंटरनेट वापरायला शिकवलं, आणि त्यांनी त्यावर पहिल्यांदा आपलं आडनावच शोधलं. हजारोंनी केन निघाले. पण बघतात तर बहुतेकांचं ते पहिलं नाव. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, इंग्लंडात लोक आपल्या पोरांची नावं केन ठेवत होते. एक कुस्तीगीर निघाला, काही कुत्री निघाली, एका सोफ्याच्या मॉडेललाही हे नाव होतं. भाऊबंद रोज संध्याकाळी मला वर्दी देत, ‘आज एक न्हावी सापडला. पहिलं नाव.’ अशा तोंडाने, की न्हाव्याने काही चोरलंच आहे.

एकदा सुपरमार्केटमध्ये आमच्या मागून बाईचा आवाज आला, ‘केन, ठेव ते खाली.’ स्वच्छ उच्चार, अगदी जसा हवा तसा. भाऊबंद गर्रकन वळले. एक डच बाई आणि चिप्सची पिशवी घेऊन पळणारं चार वर्षांचं पोर. त्यांनी अदबीने विचारलं, तुम्ही कुठले केन? बाई म्हणाली, आम्ही फान डेर काहीतरी. नाव टीव्हीवर ऐकलं, छोटं आणि छान वाटलं. भाऊबंदांनी पोराला चिप्स घेऊन दिले. घरी येताना म्हणाले, ‘कझिन, नाव फॅशनमध्ये आलंय. त्या पोराला वीस वर्षांनी उच्चार कुणाला शिकवावा लागणार नाही. पण त्याला माझी पेटी उचलायला सांगता येईल का?’ मी म्हटलं, ‘वीस वर्षं थांबलात तर विचारू.’ ते मनापासून हसले. पण वाटेतल्या एका नव्या इमारतीपाशी थांबून त्यांनी नावं वाचलीच.

पुढच्या उन्हाळ्यात माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई गेल्यापासून ते एकटेच असत. बाबा म्हणजे सोवळंओवळं, तिथी-वार सांभाळणारे, आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त तोंडपाठ असलेले गृहस्थ. विमानात वीस किलो सामान नेता येतं, त्यात त्यांनी कुलवृत्तान्ताचा जाडजूड ग्रंथ आणला आणि चकल्या पुण्यात ठेवल्या. बाबा विमानतळावरून आल्या आल्या भाऊबंदांनी दारातच त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘दोन.’

‘हे काय मोजतायत?’ बाबांनी मला मराठीत विचारलं. मी खरं सांगितलं. मला वाटलं, बाबा बिथरणार. बाबा फक्त म्हणाले, ‘यांचं गोत्र कुठलं?’ मी भाषांतर केलं. भाऊबंद म्हणाले, ‘लढाई.’ बाबांनी थोडा विचार केला. ‘प्रवरात बसत नाही,’ म्हणाले, ‘पण माणूस बरा दिसतो.’

दोघं विधुर, दोघांना पहाटे जाग येणारी. रोज सकाळी सात वाजता बाबा खाली जात आणि दोघं नदीकाठी फिरून येत. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, भाऊबंदांचं डेरीचं. एकमेकांचं त्यांना किती कळत होतं देव जाणे. पण बाबा परत आले की सांगत, ‘त्यांच्यात सातव्या पिढीला एक शाखा फुटलीय,’ आणि भाऊबंद मला सांगत, ‘तुमच्यात एक दत्तक गेलाय, तो मोजायचा नाही.’ ज्या चौकशांना टाळायला मी सात समुद्र ओलांडले, त्या माझ्याच बैठकीच्या खोलीत चहाबरोबर चालत होत्या. आणि खरं सांगतो, मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

अनघा मात्र एक दिवस चिडली. ‘एक आणि दोन काय? माझ्या पासपोर्टवर काणे नाही का? ते लावून घ्यायला मी पासपोर्ट ऑफिसात किती खेटे घातलेत,’ असं तिने भाऊबंदांना तोंडावर विचारलं. भाऊबंद गोंधळले. रिवाज पुरुषांचा होता. ते म्हणाले, ‘विचार करावा लागेल.’ बाबा तर पेपरात डोकं घालून बसले. मीही एकदम काहीतरी महत्त्वाचं शोधायला आत गेलो.

विचार पूर्ण व्हायच्या आत भाऊबंद गेले. ऑगस्टमध्ये एका सकाळी बाबा फिरायला म्हणून खाली गेले आणि लगेच परत वर आले. ‘अरे, खाली ये,’ एवढंच म्हणाले. भाऊबंद खुर्चीत बसले होते, बूट घालून, फिरायला निघायच्या तयारीत. बाबांनी त्यांचा हात धरला आणि डॉक्टर येईपर्यंत सोडला नाही.

मोरा न्यूझीलंडहून आली. वडिलांसारखीच उंच, लालसर. अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस आमच्याच टेबलाशी बसून विचारत होता, पेटीला आमची माणसं लावू ना? मोरा म्हणाली, ‘त्यांना नावाची चार माणसं हवी होती.’ ती माझ्याकडे बघत होती. मी बाबांकडे पाहिलं. दोनच होते. मोरा खालच्या आवाजात म्हणाली, ‘मी जन्माने केन. लग्नात सोडलं. माझे बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं.’ अनघा ओट्यापाशी होती. ती म्हणाली, ‘मी लग्नात घेतलं.’

मी काहीतरी तोडगा काढणार होतो. दोन माणसं कंपनीची घेऊ, म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही, असलं काहीतरी मीटिंगमध्ये शोभणारं. बाबा तेवढ्यात म्हणाले, ‘म्हणजे चार झाले.’ आयुष्यात बाईला स्मशानाच्या फाटकापाशीसुद्धा येऊ न दिलेल्या माणसाने ते म्हटलं. आणि उठून पाणी प्यायला गेले.

दफनाच्या दिवशी जोराचा वारा होता. कंपनीच्या माणसाने उंची बघून आम्हाला उभं केलं. बाबा आणि मी पुढे, मागे मोरा आणि अनघा. अनघाच्या खांद्यावर त्याने जाड उशीसारखी कापडाची घडी ठेवली, तरी पेटी एका बाजूला कललीच. डावा पाय आधी, असं त्याने दोनदा सांगितलं होतं. मी उजवा टाकला. पेटी हलली, मोराने मागून सावरली. इतकं ओझं असतं हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे खांदा बदलायला माणसं बरोबर चालत असतात. दहा पावलांवर कुणीतरी पुढे होतं आणि आपल्याला मोकळं करतं. इथे बदलायला पाचवा केन नव्हता. भाऊबंदांचे बोटीवरचे चार म्हातारे मित्र कडेला उभे होते, त्यांची आडनावं वेगळी. मधेच मला वाटलं, आता हातून सुटणार. मी बाबांना हळूच म्हटलं, ‘थांबायचं का?’ बाबांचा श्वास जोरात चालला होता. ‘बोलू नकोस,’ म्हणाले. ‘चल.’ आम्ही शेवटपर्यंत गेलो. पेटी खाली ठेवल्यावर मला रडू आलं, आणि ते थांबवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

घरी आल्यावर बाबा दारातच थांबले. ‘अनघा, आंघोळीला पाणी काढ,’ म्हणाले. ‘आणि देवांना हात लावू नकोस.’

अनघा म्हणाली, ‘बाबा, सुतक धरायचं?’

चार दिवसांवर गणपती होते. इथल्या मराठी मंडळींनी पहिल्यांदाच सार्वजनिक गणपती बसवायचं ठरवलं होतं. शाळेचा हॉल घेतला होता, आणि पूजा सांगायला बाबांशिवाय कुणालाही येत नव्हती. बाबा महिनाभर त्याच तयारीत होते. दूर्वा कुठे मिळतील हे त्यांनी भाऊबंदांच्या मदतीने नदीकाठी हुडकून ठेवलं होतं. अनघाने ते सगळं त्यांना आठवण करून दिलं. मग म्हणाली, ‘तीन दिवसांचं धरा ना. लांबच्या भाऊबंदांचं तीनच दिवस असतं, तुम्हीच सांगता.’

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर अजून त्या घडीची सुरकुती होती.

‘तू खांदा दिलास,’ ते म्हणाले. ‘लांबचा कसा? दहा.’

मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करायचं काम माझ्यावर आलं. तो बिचारा मखराच्या थर्मोकोलमध्ये बुडालेला होता. मी म्हटलं, बाबा पूजेला येऊ शकणार नाहीत, आम्हाला सुतक आहे.

‘अरे अरे. कोण गेलं?’

‘भाऊबंद,’ मी म्हणालो.

‘पुण्याला का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘इथेच. खालच्या मजल्यावर.’